चौथ्या सेशनला माणूस बोलायला लागतो : पुण्यातल्या एचआर प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर आणि तळवडे इथल्या कंपन्यांचे एचआर प्रमुख,
तसेच त्यांच्या वतीने ‘वेलनेस’चे करार करणारी मंडळी

स. न. वि. वि.

ऑक्टोबर जवळ आला की तुमच्या मेल यायला लागतात. १० तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्यानिमित्त ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर पाऊण तासाचं व्याख्यान हवं असतं. शक्यतो हसतखेळत, शक्यतो जेवणाच्या सुट्टीत आणि शक्यतो मानधनाचा विषय न काढता. मी जाते. लोक पुढच्या दोन रांगा मोकळ्या सोडून बसतात, मधूनमधून फोन बघतात, जाताना स्माइली छापलेला स्ट्रेस बॉल घेऊन जातात. व्याख्यानाने कोणाचं काही बिघडत नाही, फार काही सुधारतही नाही. तरी जाते, कारण ते संपल्यावर लिफ्टपाशी कोणीतरी गाठतं आणि इकडेतिकडे बघत विचारतं, “मॅडम, ती तीन फ्री सेशन्स असतात ना, त्याचं नाव एचआरला कळतं का?”

हे पत्र कंपनीकडून मिळणाऱ्या समुपदेशनाच्या त्या तीन मोफत सेशन्सबद्दल आहे. काही कंपन्यांत ती चार असतात, काहींत सहा. मी समुपदेशनाचं काम करते. तुमच्यातल्या काहींच्या पॅनेलवर आहे, काहींच्या पूर्वी होते. कोणाचंही नाव इथे घेणार नाही. सगळीकडचा करार जवळपास एकाच साच्यातून निघालेला आहे, आणि माझं भांडण त्या साच्याशी आहे.

साचा तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. कंपनी एका बाहेरच्या संस्थेला दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला ठरावीक रक्कम देते. बदल्यात चोवीस तासांची हेल्पलाइन, एक ॲप आणि प्रत्येकाला मोजकी सेशन्स मिळतात. पैसे डोईमागे ठरलेले असल्यामुळे लोक जितके कमी येतील तितका पुरवठादाराचा फायदा. आलेला माणूस जितक्या लवकर ‘केस क्लोज’ होईल, तितका त्याचा खर्च कमी. यात कोणाचा दुष्टावा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेत माणूस न येण्यातच नफा आहे, तिच्याकडून माणसं येतील अशी अपेक्षा ठेवणं जरा भाबडेपणाचं आहे.

आता तीन सेशन्सच्या आत काय होतं आणि त्यानंतर काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते. दोन-तीन जणांचे तपशील एकत्र मिसळले आहेत, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. तेव्हा ‘हा आपल्याकडचा तर नव्हे?’ असा शोध घेत बसू नका.

पंचेचाळिशी ओलांडलेले एक डिलिव्हरी मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम क्लायंटला वेळेवर पोचवण्याची जबाबदारी असलेले. दर रविवारी संध्याकाळी छातीत आवळून यायचं. ईसीजी झाला, टू-डी एको झाला, ट्रेडमिलवर पळवून झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. हृदयरोगतज्ज्ञांनी कागदावर ‘अँग्झायटी’ असं लिहून समुपदेशनाचा सल्ला दिला. माझ्याकडे आले ते फाइल घेऊनच, एकेक रिपोर्ट पारदर्शक कव्हरात तारखेवार लावलेला. बसल्या बसल्या म्हणाले, “मॅडम, काहीतरी टेक्निक द्या. वेळ कमी आहे माझ्याकडे.”

मागितलं ते दिलं. अशा माणसाला पहिल्याच दिवशी “तुमचं बालपण कसं होतं?” असं विचारलं तर तो पुन्हा येत नाही. सुरुवात शरीरापासून केली. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, रोज दोन वेळा, खुर्चीत बसूनच. झोपेची नोंद ठेवायची. रात्री अकराच्या अमेरिकेच्या कॉलआधीची कॉफी बंद. रविवारी दुपारपासून ते दर दहा मिनिटांनी मेल बघायचे. ती सवय टप्प्याटप्प्याने लांबवत न्यायची. आधी अर्धा तास, मग तासभर, मग जेवण होईपर्यंत. वर्तनोपचारातलं हे जुनं, भरवशाचं काम आहे. दुसऱ्या भेटीपर्यंत झोप थोडी सुधारली होती आणि त्यांचा माझ्यावर थोडा विश्वास बसला होता.

तिसऱ्या भेटीत विचारांकडे वळलो. “रिलीज घसरलं, म्हणजे सॉफ्टवेअर वेळेत गेलं नाही, तर काय होईल?” “क्लायंट चिडेल.” “मग?” “एस्कलेशन होईल, तक्रार वर जाईल.” “मग?” “अप्रेझलला बसेल फटका.” “मग?” असं विचारत गेलं की माणूस कधी ना कधी तळाशी पोचतो. ते म्हणाले, “मग घरी बसावं लागेल.” बाकीची उत्तरं मीटिंगमध्ये दिल्यासारखी दिली होती. हे एक वाक्य मात्र खाली बघून, अर्धवट आवाजात आलं.

इथे पॅकेज संपलं. पोर्टलवर मला ‘क्लोजर’ भरायचं होतं आणि एक ते दहाच्या पट्टीवर सुधारणा किती झाली ते टाकायचं होतं. सुधारणा होती. फॉर्म भरला असता तर आकडा चांगलाच दिसला असता.

पुढचे पैसे त्यांनी पदरचे भरले म्हणून मला पुढचं कळलं. चौथ्या भेटीत त्यांनी ‘घरी बसणं’ म्हणजे काय ते सांगितलं. वडील गिरणीकामगार, राहायला लालबाग. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, हे तुम्ही वाचलेलं असेल. यांनी ते खोलीच्या दारात बसून पाहिलं. वडील दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आई डबे करून द्यायची. त्या वयात पोराने मनाशी ठरवून टाकलं, की आपला भार कोणावर पडू द्यायचा नाही. सहलीचे पैसे मागायचे नाहीत, ताप आला तरी सांगायचं नाही. पुढे डिप्लोमा, डिग्री, पुणे, फ्लॅट, दोन मुलं. ठरवलेलं मात्र अजून चालूच. ईसीजीला एकटे गेले होते. छातीचं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

हे कळल्यावर नुसते विचार तपासत राहण्यात अर्थ नव्हता. “नोकरी गेली तरी आकाश कोसळत नाही” हे वाक्य त्यांना डोक्याने पटत होतं. पण भीती डोक्यात नव्हतीच, दारात बसलेल्या मुलाची होती. मी पद्धत बदलली. समोर एक रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हटलं, वडील इथे बसलेत असं समजून बोला. गेस्टाल्ट या उपचार-परंपरेतला हा प्रकार कागदावर वाचला तर नाटकी वाटतो. त्यांनाही वाटला, बराच वेळ नुसता चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “अण्णा, तुम्ही पडून असायचात ना, तेव्हा मी खेळायला जायचो नाही. दाराशी बसायचो. तुम्हाला माहीत होतं का?” एवढंच बोलले आणि त्या दिवशी पुढे काही झालं नाही, करण्याची गरजही नव्हती.

नंतर एकदा बायकोला सोबत बोलावलं. नवरा दर रविवारी आपल्यावर रागावून गप्प बसतो, असं त्या बाईंना कित्येक वर्षं वाटत आलं होतं. छातीचं कळल्यावर आधी त्या रडल्या आणि मग खऱ्याच रागावल्या. शेवटच्या काही भेटींत पुन्हा अगदी व्यवहाराचं काम: सोमवारच्या मीटिंगमध्ये “ही तारीख जमणार नाही” हे कसं म्हणायचं याचा माझ्याच खोलीत सराव. मी क्लायंट झाले. पहिल्या प्रयत्नात त्यांनी एका वाक्यात तीनदा सॉरी म्हटलं. छातीतलं आवळणं साफ गेलं असं मी सांगणार नाही. रिलीजच्या आठवड्यात अजून येतं. पण आता ते काय आहे हे त्यांना कळतं, ते घरी सांगतात आणि कॅज्युअल्टीत धावत नाहीत.

शरीर, सवय, विचार, लहानपण, संसार आणि पुन्हा सोमवारची मीटिंग. एकाच माणसासाठी, त्याच्या वेगाने, एकाच नात्याच्या आत हे सगळं करणं म्हणजे एकात्मिक मानसोपचार. तुमच्या निविदेत एक रकाना असतो, ‘थेरपीचा प्रकार’, आणि बहुतेक वेळा त्यात सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी पद्धत, हवं असं आधीच छापलेलं असतं. का, ते मला कळतं. सीबीटीवर संशोधन भरपूर आहे, त्याचे टप्पे आखता येतात, सेशन्स मोजता येतात. मीही ते रोज वापरते. पण वर जे गृहस्थ आले त्यांना दुसऱ्या भेटीत जे हवं होतं ते पाचव्या भेटीत नको होतं. रकाना एकच होता.

एकात्मिक म्हणजे चार पद्धतींची भेळ, असाही एक समज आहे आणि खेदाने सांगते, आमच्याच क्षेत्रातल्या काहींनी तो पसरवला आहे. एकाही पद्धतीचं धड शिक्षण नसलेला माणूस स्वतःला ‘एक्लेक्टिक’, म्हणजे सगळीकडचं निवडून घेणारा, म्हणवून घेतो आणि काल यूट्यूबवर पाहिलेला व्यायाम आज क्लायंटवर करून बघतो. खरं काम याच्या उलट्या टोकाचं आहे. आधी केसची मांडणी करावी लागते: या माणसाला हा त्रास आत्ताच का, कशामुळे सुरू झाला आणि आज कशामुळे टिकून आहे. त्या मांडणीवरून पुढची पायरी ठरते. ती चुकीची निघाली तर क्लायंटलाच विचारून मांडणी बदलायची असते. त्यासाठी किमान एखादी पद्धत खोलवर आणि बाकीच्या दोन-तीन नीट यायला लागतात, आणि आपल्याला काय येत नाही तेही ठाऊक असावं लागतं.

हा विचार काही कालचा नाही. सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की एकमेकांशी भांडणाऱ्या उपचारपद्धतींना सारखंच यश मिळतं, त्या अर्थी त्यांच्यात काहीतरी समान असलं पाहिजे. त्यानंतर पद्धती वाढतच गेल्या. १९५५ मध्ये अल्बर्ट एलिस यांनी अविवेकी समजुती तपासून बदलणारी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, १९५७ मध्ये कार्ल रॉजर्स यांनी उपचारासाठी समोरच्याचं मन जाणणं, त्याचा विनाअट स्वीकार करणं आणि स्वतः खरेपणाने वागणं एवढं पुरेसं आहे असं ठामपणे म्हटलं, साठच्या दशकात सीबीटीचा पाया घालणारं ॲरन बेक यांचं काम पुढे आलं. प्रत्येक पंथाचे अनुयायी दुसऱ्याला नावं ठेवत राहिले. अखेर १९८३ मध्ये या भिंती ओलांडू पाहणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाच स्थापन झाली. आपल्याकडे एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ पद्धत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेने मनाचं आरोग्य हा विषय रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, चारचौघांत आणला. मराठी माणसाला या गोष्टी नवीन नाहीत. कंपनीच्या गेटातून आत शिरताना त्या कुठे गळून पडतात, हा माझा प्रश्न आहे.

तुम्ही आकड्यांची माणसं, म्हणून दोन आकडे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात २९५ अभ्यास आणि तीस हजारांहून जास्त रुग्ण एकत्र पाहिले गेले. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं, म्हणजे ध्येयाबद्दल एकमत, कामाबद्दल एकमत आणि परस्परांवरचा विश्वास, जितकं घट्ट तितका परिणाम चांगला, हे त्यात पद्धत कोणतीही असली तरी दिसलं. संबंध फार प्रचंड नाही, मध्यम आहे. पण इतक्या वेगवेगळ्या देशांत आणि पद्धतींत टिकून राहिलेला आहे. दुसरा आकडा जुना, १९८६ चा. हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी आधीच्या तीस वर्षांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र केली, तेव्हा साधारण निम्म्या रुग्णांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा आठव्या सेशनपर्यंत दिसली होती, आणि सुमारे पंच्याहत्तर टक्क्यांमध्ये सव्विसाव्यापर्यंत. नंतरच्या संशोधकांनी या आकड्यांत बरीच दुरुस्ती सुचवली, माणसागणिक वेग वेगळा असतो हेही दाखवलं. पण तिसऱ्या सेशनला काम संपतं असं त्यांतल्या कोणीच म्हटलेलं नाही. तीन हा आकडा कोणत्या संशोधनातून आला, हे मी तुमच्या पुरवठादारांना विचारून पाहिलं. ‘इंडस्ट्री स्टँडर्ड’ असं उत्तर मिळालं.

काहींना तीन पुरतात, हेही कबूल. घर बदलू की नको, दोन ऑफर्सपैकी कोणती घेऊ, वरिष्ठांशी एक अवघड बोलणं कसं करू, अशा कामांसाठी तीन भेटी भरपूर झाल्या. मी स्वतः अशांना चौथी भेट देत नाही. पण तुमच्याकडची तिशी ते पन्नाशीतली बहुतेक माणसं ऑफिसची तक्रार घेऊन येतात आणि दुखणं भलतीकडेच असतं. एकीकडे आईचा डायलिसिस, दुसरीकडे ईएमआय, तिसरीकडे दहावीतला मुलगा, आणि या सगळ्यांत आपण खंबीर राहायचं ही सगळ्यांची, स्वतःचीही, अपेक्षा. एका टेस्टिंगमधल्या मुलीला तिच्या मॅनेजरने ‘टाइम मॅनेजमेंट’साठी पाठवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिचा गर्भपात झाला होता. तिने दोन दिवसांची ‘व्हायरल’ची रजा टाकली आणि कामाला आली. ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, सासरी विषय काढायचा नव्हता. तिच्यासोबत पहिले काही आठवडे मी कोणतंही तंत्र वापरलं नाही, ऐकलं. तंत्र नंतर आलं, तेही थोडंच.

आणि काहींना माझ्या आधी मानसोपचारतज्ज्ञाची, म्हणजे औषध देऊ शकणाऱ्या डॉक्टरची गरज असते. पहाटे तीनला जाग येते, वजन उतरलंय, कशातच रस नाही, मरणाचे विचार येतायत, अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवत बसणं हा गुन्हा आहे. औषध आणि बोलणं हातात हात घालून चालतात, डॉक्टर आणि मी क्लायंटच्या परवानगीने एकमेकांशी बोलतो, आणि औषध कमी करायचं की नाही हे तेच ठरवतात. एकात्मिक कामाचा हा भाग ॲपमधल्या चॅटबॉटला जमत नाही.

आता लिफ्टपाशी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येते. नाव कळतं का? करारात लिहिलेलं असतं की कळत नाही. पण महिन्याच्या अहवालात विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष आणि ‘समस्येचा प्रकार’ असे रकाने असतात. सहा जणांच्या टीममध्ये ‘स्त्री, ३० ते ३५, वैवाहिक’ असं लिहिलं की नाव लिहायची गरज उरते का? एका कंपनीतून मला फोन आला होता, अमुक एक जण येऊन गेला का, तो ‘फिट’ आहे का, प्रमोशनचा विषय आहे. फोन करणाऱ्यांचा सूर अगदी काळजीचा होता. मी उत्तर दिलं नाही आणि पुढच्या वर्षी पॅनेलवर माझं नाव नव्हतं. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. कर्मचाऱ्यांना कायदा माहीत नसतो, पण त्यांना त्यांचं ऑफिस माहीत असतं. म्हणून तुम्ही कॅन्टीनशेजारी काढलेल्या काचेच्या ‘वेलनेस रूम’मध्ये कोणी फिरकत नाही. माझे कितीतरी ऑनलाइन क्लायंट बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत काचा बंद करून बोलतात. मधूनच मागे कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज येतो आणि ते वाक्य अर्धं सोडून थांबतात.

पॅनेलवर कोण आहे हेही एकदा बघा. वेबसाइटवर सगळेच ‘एक्स्पर्ट’ असतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, ती तपासता येते. बाकी समुपदेशकांसाठी मात्र वर्षानुवर्षं कोणतीही सक्तीची नोंदणीच नव्हती. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने त्या दिशेने पाऊल टाकलं आहे. तोवर मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती आणि शनिवार-रविवारचा सर्टिफिकेट कोर्स केलेली व्यक्ती, दोघांच्या फोटोखाली एकच पदनाम असतं आणि मानधनही सारखंच असतं. म्हणून चांगले लोक पॅनेल सोडून जातात. विचारायचा प्रश्न सोपा आहे: तुमचे समुपदेशक आज कोणाकडून सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाची देखरेख, घेतात? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

पैशाचं बोलू. “इतकी सेशन्स आम्हाला परवडत नाहीत,” असं तुम्ही म्हणाल. आधी म्हटल्याप्रमाणे सगळ्यांना जास्त लागत नाहीत. बहुतेक कर्मचारी तर एकदाही येत नाहीत. त्यांचे पैसे तुम्ही भरताच आहात. डोईमागे भरण्याऐवजी वापराप्रमाणे भरलेत तर हिशेब वेगळा दिसेल. दुसरा मार्ग समूह विम्याचा. २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं आहे, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं परिपत्रकही काढलं. पण मेडिक्लेमचा मूळ साचा ॲडमिट होण्याचा. आठवड्यातून एकदा तासभर खुर्चीत बसून बोलणारा माणूस ॲडमिट होत नसतो, म्हणून त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा काही येत नाही. इतका खचला की भरती करावं लागलं, तर पैसे मिळतील. खचू नये म्हणून वेळेवर गेला, तर पदरचे घाला. समूह पॉलिसीत ओपीडीचं कलम वाढवून घेता येतं, त्यात मानसोपचाराच्या सेशन्सचा नावाने उल्लेख करून घेता येतो. दातांच्या आणि चष्म्याच्या खर्चासाठी तुमच्यापैकी काहींनी हे केलेलं आहे. विमा कंपनीशी घासाघीस करायची ताकद हजारो माणसांच्या पॉलिसीमागे उभ्या असलेल्या तुमच्याकडे आहे, एकट्यादुकट्या समुपदेशकाकडे किंवा कर्मचाऱ्याकडे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेपोटी जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. हा आकडा तुमच्या प्रत्येक वेलनेस प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर असतोच. पण त्याच संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कर्मचाऱ्याला काय शिकवावं याच्या बरोबरीने कामाचा भार, वेळा आणि मॅनेजरांचं प्रशिक्षण यांबद्दल सांगितलं आहे. ते स्लाइडवर कधी दिसलं नाही.

याची दुसरी बाजूही मला बोलायलाच हवी, नाहीतर हे पत्र म्हणजे माझ्याच धंद्याची जाहिरात होईल. २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सीएच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतरच्या आठवड्यांत मला ‘रेझिलियन्स’वर, म्हणजे ताण सोसून उभं राहण्यावर, बोलायला जितकी बोलावणी आली, तितकी त्याआधी कधी आली नव्हती. सोळा तासांच्या कामाला मानसोपचार हा उपाय नाही. जिथे मॅनेजर रात्री दोनला फोन करतो, तिथल्या माणसाला मी शांत राहायला शिकवलं, तर मी त्याच्या नव्हे, त्या मॅनेजरच्या बाजूने काम करत असते. अशा वेळी माझ्या खोलीत चांगलं काम झालं तर त्याचा परिणाम राजीनामा हाही असू शकतो. तो तुम्ही ‘ॲट्रिशन’मध्ये, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांत, मोजाल, मी सुधारणेत मोजेन. यावर आपलं एकमत होणार नाही, पण हे आधी बोलून ठेवलेलं बरं.

तेव्हा मागणं असं आहे. सेशन्सची संख्या समुपदेशक आणि क्लायंट मिळून ठरवू द्या. हवं तर दर सहा-आठ भेटींनी आढावा घ्या, पण तो त्या दोघांनी घ्यायचा आणि तुमच्याकडे फक्त ‘पुढे चालू’ किंवा ‘संपलं’ एवढंच यायचं. थेरपीच्या प्रकाराचा रकाना काढून टाका आणि त्या जागी माणसाचं शिक्षण आणि सुपरव्हिजन विचारा. अहवालात पन्नासहून कमी माणसांच्या गटाची फोड नको. सेशनची वेळ कामाच्या वेळेत धरा आणि कॅलेंडरवर ती नुसती ‘बिझी’ दिसू द्या. आपल्या मनाने आलेला माणूस आणि मॅनेजरने ‘दुरुस्त करून आणा’ म्हणून पाठवलेला माणूस यांत फरक करा. दुसऱ्या प्रकारात आधी मॅनेजरशीच बोलायची मुभा मला द्या.

बहुतेकांचे करार मार्चअखेरीस नूतनीकरणाला येतात. सही करण्याआधी पुरवठादाराला एवढंच विचारा, की गेल्या वर्षी तिसऱ्या सेशनला बंद केलेल्या केसेसपैकी किती जणांना “तुमचं काम झालं का?” असं कोणी विचारलं होतं.

आणि करारापर्यंत थांबायची गरज नसलेली एक गोष्ट. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, आणि तिचा अहवाल कोणत्याही एचआरकडे जात नाही. हा नंबर तुमच्या कँटीनमध्ये, बसमध्ये, ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापा. सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि कंत्राटी ड्रायव्हर मंडळींच्याही, कारण तुमच्या तीन सेशन्समध्ये त्यांना तर धरलेलंच नाही.

कळावे,
आपली,
पॅनेलवरची (तूर्तास) एक समुपदेशक
पुणे